मातीतले विष मातीतच कोंडा



पिकावर कीड पडली तर ती डोळ्यांना दिसते. विहिरीचे पाणी खारट झाले तर जिभेला कळते. खत कमी पडले तर पान पिवळे होऊन आपली तक्रार सांगते. पण शेताचा एक शत्रू असा आहे की तो दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. त्याच्यामुळे पालकाची जुडी निस्तेजही होत नाही. उलट ती हिरवीगार दिसते, बाजारात चांगल्या भावाने जाते आणि विष मुकाट्याने ताटात पोहोचते. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल हे ते जड धातू.

कीटकनाशक फवारले तर त्यातले बरेचसे ऊन, पाणी आणि जिवाणू हळूहळू मोडून टाकतात. धातूचे तसे नाही. तो कुजत नाही, जळत नाही, उडून जात नाही. एकदा मातीत आला की आजोबांच्या वेळचा नातवाच्या वेळीही तिथेच सापडतो. मग अशी जमीन कायमची गेली असे समजायचे का? नाही. धातू मातीतून काढता येत नसला तरी तो पिकाच्या मुळाला सापडणार नाही असा मातीतच जखडून ठेवता येतो. हे काम बरेचसे चुना, कुजलेले खत आणि हाडांची भुकटी या आपल्या ओळखीच्या वस्तूंनी होते. आज त्याचाच विचार करू, आणि त्यासाठी वसई-विरारचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवू.

वसईच का?

वसईची बागायत सर्वांना ठाऊक आहे. आगाशीची सुकेळी, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या गावांतली केळी, पानवेल, पालेभाजी आणि फुले. इथला माल पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आला. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी कामण, पारोळ, भाताणे या भागात भातशेती. त्या दोहोंच्या मध्ये आता मोठे शहर उभे राहिले आहे. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गही याच भागातून जातो.

याचा अर्थ वसईची सगळी जमीन बिघडली असा मुळीच नाही. तसे कोणी म्हणू लागला तर तो कष्टाळू माणसांच्या मालाची नाहक बदनामी करील. अर्थ इतकाच की शेत, कारखाना, नाला आणि कचरा एकमेकांच्या शेजारी आले आहेत. अशा ठिकाणी ज्याने त्याने आपापली जमीन एकदा पारखून घ्यावी. तुमचे गाव वसईपासून कितीही दूर असले, तरी शहर वाढत वाढत एक दिवस तुमच्याही बांधाला येऊन टेकणारच आहे.

विष येते कोणत्या वाटेने?

पहिली वाट पाण्याची. धातूवर मुलामा चढवण्याच्या कामात क्रोमियम, निकेल, जस्त ही द्रव्ये लागतात. त्याचे सांडपाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडले आणि त्या नाल्यावर कोणी पंप बसवला, की दर पाण्याच्या पाळीबरोबर थोडा थोडा धातू शेतात येतो. पावसाळ्यात नाले फुगले म्हणजे न मागता येतो. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भाग पाण्याखाली गेला होता. असा पूर ओसरल्यावर जो गाळ मागे राहतो तो नेहमीच सुपीक गाळ असतो असे नाही.

वसईच्या खाडीत उल्हास नदीचे पाणी येते, आणि उल्हासला वर काळू नदी मिळते. १९८० च्या सुमारास कल्याणजवळ आंबिवलीच्या परिसरात काळू नदीतल्या पाऱ्याचा प्रश्न गाजला होता. पुढे २०१५ साली उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने कठोर आदेश दिले. त्याच पालघर जिल्ह्यातले तारापूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशात सर्वांत वरच्या जागी होते. तेव्हा खाडीचा गाळ काढून शेतात टाकण्यापूर्वी तो तपासून घेतलेला बरा.

दुसरी वाट हवेची आणि धुळीची. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीवर जे शिसे बसले ते कोठे जाणार? ते वरच्या चार-सहा बोटे मातीतच राहते. जुन्या बॅटऱ्या फोडणे, तारा जाळून तांबे काढणे, जुना रंग खरवडणे अशी कामे जिथे झाली तिथेही तीच गोष्ट.

तिसरी वाट आपण स्वतःच्या हाताने उघडतो. शहराच्या मिसळ कचऱ्याचे खत स्वस्त मिळते म्हणून आपण गाडी रिकामी करून घेतो. त्यात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, विजेच्या सामानाचे तुकडे गेलेले असू शकतात. शहरी कंपोस्ट खताला सरकारच्या खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घालून दिली आहे. एका किलो खतात शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पोत्यावर छाप आणि तपासणीचा दाखला असेल तरच ते खत घ्या. फुकटचे विष घरात आणू नका.

अंगात गेले तर काय होते?

शिशाचा सर्वांत मोठा घाव लहान मुलांवर होतो. त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते, शिकण्यात मूल मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित असे सांगताच येत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षे तिथून हलत नाही. पुढे हाडे ठिसूळ होतात.

जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतले कॅडमियम या नदीत आले, नदीचे पाणी भातशेतीत गेले आणि भात लोकांच्या पोटात गेला. तिथल्या बायकांची हाडे नुसत्या खोकल्यानेही मोडू लागली. वेदनेने त्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत. रोगाचे नावच ‘इताई-इताई’ पडले. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणाचा असल्याचे मान्य केले. नंतर तिथली सुमारे ८६० हेक्टर जमीन दुरुस्त करण्यात आली. खराब माती गाडायची आणि वर चांगली माती घालायची, हे काम पूर्ण व्हायला २०१२ साल उजाडले. एवढा खर्च आणि एवढी वर्षे आपल्यातल्या लहान शेतकऱ्याला झेपणारी नाहीत. म्हणूनच धातू जागच्या जागी कोंडण्याची रीत आपल्या उपयोगाची आहे.

जमीन आरोग्य पत्रिकेत हे नसते

पुष्कळांना वाटते की आपल्याकडे जमीन आरोग्य पत्रिका आहे, मग काळजी कशाची? ती पत्रिका जरूर जपून ठेवा. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत बारा गोष्टी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. या यादीत शिसे नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. पत्रिका हिरवी म्हणून जमीन निर्विष असे धरून चालू नका.

शंका असेल तर ‘जड धातूंची तपासणी’ अशी वेगळी मागणी करावी लागते. डहाणू तालुक्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथे विचारले म्हणजे हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेची वाट कळेल. नमुना असा घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल माती काढा, एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो घ्या. जस्ताचे पाणी दिलेली बादली किंवा गंजलेली पाटी वापरू नका, नाहीतर तिचाच धातू मातीत उतरेल. नाल्यापासून दूर असलेल्या, चांगल्या वावराचा दुसरा नमुनाही बरोबर द्या. दोन्हींची तुलना केली की फरक लगेच समजतो. मातीबरोबर भाजीचीही तपासणी झाली तर सर्वांत उत्तम, कारण मातीत धातू किती आहे यापेक्षा पिकात किती चढला हे महत्त्वाचे.

कोंडायचे म्हणजे काय करायचे?

मातीतला सगळाच धातू पिकाला मिळत नाही. पाण्यात विरघळलेला तेवढाच मुळे शोषून घेतात. जो मातीच्या कणाला घट्ट चिकटला किंवा दगडासारखा न विरघळणारा झाला, तो मुळाशेजारी असूनही मुळाला मिळत नाही. आपले काम इतकेच की विरघळणाऱ्या धातूला न विरघळणारा करायचे.

चुना : आंबट म्हणजे आम्ल जमिनीत कॅडमियम, शिसे, जस्त, निकेल मोकळे सुटतात. सामू ६.५ ते ७ च्या आसपास आणला की ते बरेचसे अडकतात. आम्ल जमिनीला तपासणीप्रमाणे गुंठ्याला साधारण १० ते २० किलो चुनखडीची पूड पुरते. ती पावसाळ्याआधी पसरून मातीत नीट मिसळावी. मात्र किनाऱ्याकडच्या जमिनीत शंख-शिंपल्यांचा चुरा आधीच असेल आणि सामू साडेसातच्या वर असेल, तर चुना मुळीच टाकू नका. टाकलात तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होईल आणि केळीची पाने पिवळी पडतील.

कुजलेले शेणखत व कंपोस्ट : सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवतो. मुलामा कामातले विषारी क्रोमियमही सेंद्रिय पदार्थाच्या सहवासात कमी विषारी, कमी हलणाऱ्या रूपात बदलते. रेताड जमिनीला तर याची फारच गरज, कारण वाळूला धरून ठेवण्याची ताकद नसते. गुंठ्याला निदान १०० किलो चांगले कुजलेले खत दर वर्षी द्यावे. कच्चे शेण नको. ते कुजताना निघणारे रस धातूला उलट मोकळे करू शकतात.

हाडांचा चुरा : हाडात चुना आणि स्फुरद दोन्ही असतात. स्फुरद शिशाशी मिळून असा काही घट्ट खडा बनवतो की तो सहसा विरघळत नाही. अमेरिकेत ओकलंड शहराच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत २०११ च्या सुमारास घरांच्या अंगणातली शिशाची माती अशीच बांधली गेली. तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याने मातीत चक्क माशांच्या हाडांची भुकटी मिसळली. आपल्या अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांना हे ऐकून हसू येईल! किनाऱ्याच्या लोकांना मासळीचे खत नवे नाही. पण एक ध्यानात घ्या. इथे काम करते ते हाड, मांस नव्हे. ओली मासळी पुरून भागत नाही. हाडे वाळवून बारीक केलेली हवीत. रॉक फॉस्फेटही चालते. स्फुरद अती झाला तर तो विहिरीत आणि ओढ्यात उतरतो, म्हणून मापानेच घाला.

कोळशाची भुकटी : भाताचे तूस किंवा काटक्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा बारीक करून खतात मिसळला तर तोही धातू धरतो. चुलीची राख थोडी चालेल. पण रंगवलेली लाकडे, प्लास्टिक, कचरा जाळलेली राख शेतात नको. तिच्यातच शिसे असते.

भाताचे पाणी : जपानच्या शेतकऱ्यांची युक्ती अशी की ओंबी बाहेर पडण्याच्या आधी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे खाचरात पाणी सतत उभे ठेवायचे. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, कॅडमियम गंधकाशी मिळून अडकते आणि दाण्यात कमी चढते. मूठभर पाण्याचा हा उपाय पूर्वपट्टीच्या भातकऱ्याला पुष्कळ उपयोगी आहे.

सोमल मात्र उलटा

एक धोक्याची सूचना. सोमल, म्हणजेच आर्सेनिक, वरच्या धातूंच्या उलट वागतो. चुना दिला, स्फुरद जास्त झाला, खाचरात पाणी उभे राहिले, की तो अडकण्याऐवजी मोकळा सुटतो. म्हणून शेजाऱ्याने चुना टाकला म्हणून आपणही टाकावा, असे या कामात चालत नाही. आधी तपासणी, मग औषध. वैद्याला न दाखवता पुडी घेणाऱ्याची जी गत तीच इथे.

दुसरी सूचना वसईला फार लागू आहे. खारट पाण्यातले मीठ कॅडमियमला मातीपासून सोडवते आणि मुळाकडे नेते. बेसुमार उपशाने विहिरी खारावल्या तर केवळ पीकच बसत नाही, कोंडलेला धातूही सुटतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने टँकरने होणाऱ्या पाणी उपशाविरुद्ध आवाज उठवला होता. तो लढा गोड्या पाण्याचा होता. आज कळते की गोडे पाणी राखणे म्हणजे जमिनीचे कुलूप राखणेही आहे. बावखले बुजवू नका. पावसाचे पाणी त्यांत मुरू द्या.

पीक कोणते घ्यावे?

जमीन संशयाची असेल तर पालक, माठ, मुळा, कोथिंबीर तिथे लावू नका. पालेभाजी कॅडमियम सर्वांत जास्त ओढते, आणि जमिनीलगत असल्यामुळे शिशाची धूळही तिच्यावर बसते. पानवेलही नको, कारण पान तसेच चावून खाल्ले जाते. वेलावर येणारी दुधी, पडवळ, शिराळी, तसेच वाल-चवळीच्या शेंगा, टोमॅटो यांत धातू पानांपेक्षा बराच कमी चढतो. आणि वसईकराच्या हातात तर सर्वांत चांगला उपाय आधीपासूनच आहे. तो म्हणजे सोनचाफा, मोगरा, तगर. फुले देवाला जातात, वेणीत जातात, पण पोटात जात नाहीत. बाधित तुकड्यावर फुले आणि चांगल्या तुकड्यावर भाजी अशी वाटणी केली तर उत्पन्नही बुडत नाही आणि मनालाही टोचणी राहत नाही.

घरच्या बायांसाठी दोन शब्द

भाजी दोन-तीन पाण्यांतून खळखळून धुवा. बाहेरची धूळ आणि तिच्यातले शिसे याने निघून जाते. पानाच्या आत गेलेला धातू मात्र धुण्याने किंवा शिजवण्याने जात नाही, हेही लक्षात ठेवा. कंदमुळे सोलून घ्या. शेतातून आलेली पायताणे ओटीवरच ठेवा. रांगणारे मूल माती तोंडात घालते, तेव्हा संशयाच्या जागेची उघडी माती गवताने किंवा पालापाचोळ्याने झाकून टाका. मुलांच्या जेवणात लोह आणि चुन्याचे पदार्थ, म्हणजे नाचणी, कडधान्ये, दूध, लहान मासळी, भरपूर असू द्या. ज्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, ते अंग शिसे जास्त ओढून घेते.

कुलूप लावले, पण दार?

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोंडणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. धातू शेतातच असतो, फक्त कुलपात असतो. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याने चुना धुपून जातो. युरिया, अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे दिल्याने जमीन पुन्हा आंबट होते. शेणखत कुजून संपते. मग कुलूप ढिले पडते. म्हणून दर तीन वर्षांनी सामू पाहावा, खत दर वर्षी द्यावे आणि कोणत्या तुकड्यावर काय केले याची नोंद घरच्या वहीत ठेवावी, म्हणजे मुलांनाही पुढे माहीत राहील.

आणि एका दाराने विष येतच राहिले तर दुसऱ्या दाराला कुलूप घालून काय उपयोग? नाल्याच्या बाजूला बांध घाला, त्या पाण्यावरचा पंप काढा. कोणी सांडपाणी सोडत असेल तर एकट्याने भांडत बसू नका. ग्रामस्थांनी मिळून तारीख-वार आणि फोटोसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचा दरवाजा आहे. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध तिथे गेले ते मच्छीमार समाजाचेच लोक होते, आणि २०२२ साली लवादाने त्यांच्या अर्जावर निकाल दिला.

आडात असेल तेच पोहऱ्यात येते, असे आपण म्हणतो. शेताचेही तसेच आहे. जे मातीत मोकळे असेल तेच ताटात येईल. मग ते ताट दादरच्या अनोळखी घरातले असो की आपल्या स्वतःच्या नातवंडांचे. येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढा, वीतभर खोल माती घ्या आणि तपासणीला द्या. पेरणीचे बाकीचे हिशेब त्यानंतर मांडा.